तीन रंग, एक पेच: मित्रमंडळींत खेळायचं मिनिमल सिनेमा पोस्टर

सहा जण, एक सिनेमा, तीन रंग आणि दीड तास. एवढ्या भांडवलावर हा खेळ सुरू होतो. सगळ्यांनी पाहिलेला एक सिनेमा ठरवायचा, नटनट्यांचे चेहरे न वापरता प्रत्येकाने त्याचं आपापलं पोस्टर करायचं आणि ठरल्या दिवशी सगळी पोस्टरं एका दोरीला लावून त्यांवर मनसोक्त बोलायचं. चित्रं काढता यायलाच हवीत असं नाही. कात्री बऱ्यापैकी सरळ चालत असेल आणि सिनेमा नीट पाहिलेला असेल तर पुरतं.

मुंबईत सिनेमाचं पोस्टर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते भरगच्च. एम. एफ. हुसेन उमेदवारीच्या काळात याच शहरात सिनेमाचे फलक रंगवायचे. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत होते. हाताने रंगवलेल्या पोस्टरांची ही परंपरा पुढे कित्येक दशकं टिकली: नायक, नायिका, खलनायक, मागे आगीचा लोळ आणि वर जाडजूड अक्षरं. त्या पोस्टरांना रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं होतं आणि तिकिटाच्या पैशांत काय काय बघायला मिळेल त्याची यादी द्यायची होती. ते काम त्यांनी चोख केलं. मिनिमल, म्हणजे मोजक्याच आकार-रंगांचं, पोस्टर त्याहून श्रेष्ठ वगैरे नाही, त्याचं काम वेगळं आहे. ते यादी देत नाही, सिनेमातला एकच पेच दाखवतं.

१९५५ साली अमेरिकी ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी केलेला हात हे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. सिनेमाचा नायक अमली पदार्थांच्या विळख्यात अडकलेला, आणि पोस्टरवर काळा, वेडावाकडा, कागदातून ओबडधोबड कापल्यासारखा हात. हात सिनेमाच्या नावातच आहे, त्यात विशेष काही नाही. तो वाकडा आहे, यात सगळा सिनेमा आहे. नवखे लोक इथेच चुकतात. सिनेमातली एखादी वस्तू उचलून रिकाम्या कागदाच्या मधोमध ठेवतात आणि झालं म्हणतात. वस्तू सिनेमातली असणं पुरेसं नाही. तिच्यात सिनेमाचा पेच दिसला पाहिजे.

माणसं आणि नियम

चार ते आठ जण घ्या. तिघांत चर्चा रंगत नाही, आणि दहाच्या वर गेलात तर शेवटच्या पोस्टरापर्यंत सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण कुणाला कसाऱ्याची गाडी गाठायची असते आणि कुणाला विरारची. नियम आधीच लिहून ग्रुपवर टाका, म्हणजे त्या दिवशी वाद होत नाहीत:

— आकार ए-थ्री, उभा: २९७ × ४२० मिलिमीटर.
— रंग तीन. कागदाचा रंग त्यातच धरायचा.
— चेहरे नाहीत, फोटो नाहीत, मूळ पोस्टरवरून काहीही गिरवायचं नाही, इंटरनेटवरची तयार चिन्हं उतरवायची नाहीत.
— मजकूर तीनच गोष्टींचा: सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव, वर्ष.
— वेळ सलग ९० मिनिटं.

वेळेचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. आठवडाभराची मुदत दिली की लोक शनिवारी रात्री अकराला बसतात आणि पहिली सुचलेली कल्पना रंगवून मोकळे होतात. नव्वद मिनिटांची वाटणीही ठरवून घ्या: २० मिनिटं शब्दांसाठी, ३० मिनिटं छोट्या चौकटींसाठी, ४० मिनिटं प्रत्यक्ष पोस्टरसाठी. शेवटच्या चाळीस मिनिटांत कल्पना बदलायची नाही. नवी कल्पना नेहमी जास्त चांगली वाटते, कारण तिच्यातल्या अडचणी अजून दिसलेल्या नसतात.

तयार चिन्हांवर बंदी का, असं कुणी ना कुणी विचारतंच. उतरवलेलं चिन्ह सर्वसाधारण सायकलीचं असतं, तुमच्या सिनेमातल्या सायकलीचं नसतं. त्यात बदल करावा म्हटलं तर हात धजत नाही, कारण ते आधीच नीटनेटकं दिसत असतं.

सिनेमा कोणता घ्यायचा

प्रत्येकाने तीन सिनेमांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, डब्यात टाकायची, एक काढायची. तो न पाहिलेला एक जण जरी निघाला तर ती चिठ्ठी परत डब्यात. ट्रेलर बघून पोस्टर करता येत नाही. ट्रेलर पुन्हा यादीच देतो.

पहिल्या खेपेला असा सिनेमा बरा, ज्याची गोष्ट एखाद्या ठळक वस्तूभोवती फिरते. पाचसहा पात्रांचा धमाल विनोदी सिनेमा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत लांबवा. त्यातली गंमत संवादांत आणि गोंधळात असते, एका आकारात ती पकडणं अवघड जातं. चरित्रपट तर सुरुवातीला नकोच. सगळ्यांच्या कागदावर पगडी, चष्मा आणि मिशी उमटते. मिशीने काढता पाय घ्यायला चांगल्या चार-पाच फेऱ्या जाव्या लागतात.

सामान

पहिली फेरी संगणकाशिवाय करा, असा आमचा आग्रह आहे. संगणकावर सावल्या, छटा, पोत एका बटणावर मिळतात आणि मोह आवरत नाही. कागद कापताना मोहाला जागाच नसते. शाळेच्या हस्तकलेतला घोटीव कागद कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्याचं एक मिश्र रंगांचं पाकीट, माणशी ए-थ्री कार्डशीटचे दोन तुकडे, पेन्सिल, ३० सेंटिमीटरची पट्टी, कात्री, कटर, कापायला खाली जाड पुठ्ठा आणि गोंदाची कांडी. वर्तुळांसाठी कंपास असला तर उत्तम, नाहीतर घरातल्या वाट्या आणि ताटल्या. पातळ डिंक किंवा पाणी घातलेला फेव्हिकॉल टाळा. घोटीव कागद ओल धरतो आणि सुकताना त्याला सुरकुत्या पडतात; पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तर हमखास.

घोटीव कागदाची मागची बाजू पांढरी असते आणि पेन्सिल तिथेच नीट चालते, म्हणून सगळे मागून आखतात. मागून आखलेला आकार पुढून उलटा दिसतो. वर्तुळाला फरक पडत नाही, पण ‘क’ आणि ‘फ’ला पडतो. अक्षरं कापायची असतील तर ट्रेसिंग पेपरवर लिहा, तो पालथा करा आणि मग मागच्या बाजूवर उतरवा.

पहिली वीस मिनिटं: ‘पण’च्या दोन बाजू

या वीस मिनिटांत चित्र काढायचं नाही. कागदाच्या डोक्यावर सिनेमा एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात ‘पण’ आलाच पाहिजे. अमक्याला अमुक हवंय, पण तमुक आडवं येतं. ‘पण’ सापडत नसेल तर तुम्ही कथेचा सारांश लिहिताय, पेच नव्हे.

मग ‘पण’च्या डावीकडच्या वस्तू एका रांगेत आणि उजवीकडच्या दुसऱ्या रांगेत लिहून काढा. दोन्ही बाजूंना किमान दहा. पहिल्या चार-पाच सगळ्यांना सुचतात. कामाच्या वस्तू सहसा सातव्या-आठव्याच्या पुढे येतात, म्हणून दहा. आणि वस्तू म्हणजे हातात धरता येईल किंवा बोटाने दाखवता येईल असं काही. ‘एकटेपणा’, ‘संघर्ष’, ‘नातं’ हे शब्द यादीत दिसले की खोडा. एकटेपणा कापता येत नाही, रिकामी खुर्ची कापता येते. (रिकामी खुर्चीही आता नको. ती प्रत्येक सिनेमाला चालते, आणि जी प्रत्येक सिनेमाला चालते ती कुठल्याच सिनेमाची नसते.)

आता दोन्ही रांगांतली एकेक वस्तू जोडीने बघा आणि त्यांच्यात सारखा आकार शोधा. गोल, त्रिकोण, रेघ, भोक, फट, सावली. डावीकडची वस्तू आणि उजवीकडची वस्तू एकाच आकारात बसली, की पोस्टर सापडलं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४). पंढरपुरातला ज्ञानेश, त्याच्या दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. आईचं विणकामाचं यंत्र कर्जापायी जप्त झालेलं. वाक्य असं होईल: ज्ञानेशला वडिलांची सायकल राखायची आहे, पण आईचं यंत्र सोडवायला पैसे हवेत आणि त्यासाठी सायकलच विकायची वेळ आली आहे. मग एकादशीच्या गर्दीत पोरं बांगड्यांचा स्टॉल मांडतात.

डावीकडे: चाक, आरे, घंटी, पायडल, साखळी, हँडल, सीट, पंप, टायरचा ठसा, वडिलांची हत्यारं. उजवीकडे: लोकरीचा गुंडा, स्वेटर, सुया, यंत्र, कुलूप, नोटा, चिल्लर, बांगड्या, टाळ, वारकऱ्यांची पावलं.

पहिल्या झटक्यात येते सायकल आणि मागे मंदिराचा कळस. तिथे दोन वस्तू आहेत, पण एकमेकींशी बोलत नाहीत. पंढरपूर आणि सायकल एवढंच कळतं. मग चाक आणि लोकरीचा गुंडा: दोन्ही गोल. वाईट नाही, पण गुंडा भरीव असतो आणि चाक पोकळ, त्यामुळे गुंड्यांची सायकल जड, बसलेली दिसते. चाक आणि चिल्लर? नाणं म्हटलं की पैशाची गोष्ट होते, मुलांची राहत नाही. चाक आणि बांगडी मात्र दोन्ही पोकळ, दोन्ही बारीक कडेची, आणि बांगडी ही मुलांनी स्वतः निवडलेली वाट. दोन हिरव्या बांगड्या चाकांच्या जागी आणि वर काळ्या रेघांची सायकल. सायकल वाचवायला बांगड्या विकतात, आणि इथे सायकल बांगड्यांवरच उभी आहे.

दुसरं उदाहरण थोडक्यात, कारण ते या शहरातलं आहे: ‘द लंचबॉक्स’ (२०१३). डबा भलत्याच माणसाकडे पोचतो आणि डब्यातून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू होते. नुसता चार पुडांचा डबा काढला तर तो कुठल्याही खाणावळीला चालेल. पण घडीची पोळी त्रिकोणी असते आणि पाकिटाची वरची पाकळीही त्रिकोणी. पाकिटाच्या पाकळीच्या जागी पोळी ठेवून बघा.

कथेचा शेवट पोस्टरवर येऊ देऊ नका. ‘फँड्री’चं शेवटचं दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोक्यात सगळ्यात आधी तेच येतं, कारण ते तितकं जबरदस्त आहे. तरी ते सोडा. पाहिलेल्याला काही नवं मिळत नाही आणि न पाहिलेल्याचं नुकसान होतं.

छोट्या चौकटी

ए-फोर कागदावर ५ × ७ सेंटिमीटरच्या नऊ चौकटी आखा. हे प्रमाण ए-थ्रीच्या अगदी जवळचं आहे, त्यामुळे पुढे मोठं करताना रचना बिघडत नाही. असे दोन कागद, म्हणजे अठरा चौकटी, अर्ध्या तासात भरायच्या. जाड स्केचपेन वापरा. टोकदार पेन्सिलीने बारकावे येतात आणि या टप्प्यावर ते नकोत.

कल्पना एकच असली तरी चालेल, मांडणी अठरा तऱ्हांनी करा. आकार खूप मोठा, खूप छोटा, कागदाच्या कडेने कापलेला, खाली टेकलेला, वरून लोंबणारा, तिरका. नवखे जवळजवळ नेहमी आकार बरोबर मधोमध ठेवतात आणि तरीही तो खाली घसरल्यासारखा का दिसतो, हे त्यांना कळत नाही. डोळ्याला वाटणारा मध्य मोजून काढलेल्या मध्यापेक्षा थोडा वर असतो. ४२० मिलिमीटर उंचीच्या कागदाचा मध्य २१०वर, पण आकाराचा मध्य वरून १९०–१९५ मिलिमीटरवर ठेवला तर तो स्थिर वाटतो.

आता चौकटींचा फोटो काढा आणि मोबाइलवर एकेक चौकट टपाल तिकिटाएवढी करून बघा. जी त्या आकारातही ओळखू येते ती घ्या. दोन आल्या तर कमी तुकड्यांची निवडा.

मोठं करताना

आपल्या सायकलचे आकडे लावून बघू. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर समास सोडला की रुंदीत २४७ उरतात. दोन वर्तुळं १०५ मिलिमीटर व्यासाची, मध्ये ३७चं अंतर; बेरीज बरोबर २४७. केंद्रांमधलं अंतर १४२.

कडेची जाडी इथे निर्णायक. कडा २ मिलिमीटर ठेवली तर नुसतं चाक दिसतं. १२–१५ केली तर टायर. ६–७ मिलिमीटरला बांगडीची शंका येऊ लागते, पण शंकाच. बांगड्या एकेकट्या क्वचितच असतात, म्हणून प्रत्येक चाकाच्या जागी अडीच मिलिमीटर कडेच्या तीन बांगड्या, प्रत्येकीचं केंद्र ४ मिलिमीटर सरकवून ठेवा (तेवढ्यापुरता व्यासही थोडा कमी करा, नाहीतर समासात घुसाल). लगेच हातातल्या बांगड्या दिसतात आणि चाकही मोडत नाही. आरे काढू नका. आरे आले की बांगडी गेली. सायकलीची चौकट चार-पाच रेघांची, ५ मिलिमीटर जाड, काळी. रंग: जमीन, म्हणजे मागचा कागद, मातकट पिवळी, बांगड्या हिरव्या, सायकल आणि अक्षरं काळी. तीन झाले.

कागदातून इतक्या बारीक कड्या कापायच्या तर बाहेरचं वर्तुळ आधी कापू नका. आधी आतलं भोक कटरने काढा, मग बाहेरून कात्रीने. उलट केलं तर धरायला जागा राहत नाही आणि कडी फाटते.

अक्षरं

देवनागरीत सगळ्यात जास्त पोस्टरं इथे बिघडतात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

इंग्रजी मिनिमल पोस्टरांत नावाची अक्षरं लांब लांब पसरवलेली दिसतात. तीच हौस देवनागरीत केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षरांमधलं अंतर शून्यावरच ठेवा. हवा हवी असेल तर शब्दांमध्ये द्या, किंवा अक्षरं लहान करून भोवती मोकळी जागा ठेवा. नाव दोन ओळींत येत असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरून सुरुवात करा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. मग डोळ्यांना पटेल तितकं कमी करत या.

पुढच्या फेऱ्यांत अक्षरं संगणकावर करायची तर फॉन्टची चणचण आता नाही. मुंबईच्याच एक टाइप या गटाचे मुक्ता, बालू आणि मोदक हे फॉन्ट मोफत आहेत: मुक्ता साधा आणि कुठेही चालणारा, बालू गुबगुबीत, मोदक इतका फुगलेला की अक्षरांच्या आत भोकं जेमतेम उरतात. ‘यात्रा वन’ लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. मुंबईच्या गोष्टीला तो शोभतो, पंढरपूरच्या गोष्टीला घेण्याआधी विचार करा. एका पोस्टरला एकच फॉन्ट. नाव आणि दिग्दर्शकाचं नाव यांच्या आकारात किमान तिपटीचा फरक ठेवा; थोडाच फरक ठेवला तर तो चुकून झाल्यासारखा वाटतो.

टाइप केलेली वेलांटी भलत्या अक्षरावर गेली किंवा जोडाक्षरं फुटून पाय मोडके दिसू लागले, तर चूक फॉन्टची नसते. इलस्ट्रेटर या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइपच्याच विभागात टेक्स्ट इंजिन बदलावं लागायचं. इंकस्केप हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि देवनागरी त्यात मुळातच नीट बसते. श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर थेट नव्या फॉन्टमध्ये चिकटवू नका, अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, दोन-तीन शब्दच तर आहेत. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ते मराठी वळणाचे होतात. हिंदी वळण राहिलं तर बघणारा कारण सांगू शकत नाही, पण त्याला खटकतं.

रंगांबद्दल एवढंच

पोस्टरचा फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल करा. दोन रंग एकच करडा झाले तर ते दुरून एकमेकांत मिसळणार. लाल आणि हिरवा या बाबतीत नेहमीचे गुन्हेगार. रंग बदलायची गरज नसते, एक गडद किंवा फिका करा. आणि दर वेळी जुनाट, पिवळट कागदाचा आव आणणं, त्यावर चुरगळल्याच्या खोट्या घड्या टाकणं सोडा. गोष्ट १९७०ची नसेल तर पोस्टरही नको.

छपाई

कागदी पोस्टर आहे तसं लावता येतं. संगणकावरचं छापायचं असेल तर फोर्ट आणि दादर भागात डिजिटल छपाईची दुकानं मुबलक आहेत. तिथे कागदाचे आकार इंचांत बोलतात: बारा-अठरा आणि तेरा-एकोणीस. बारा-अठरावर, म्हणजे ३०५ × ४५७ मिलिमीटरवर, ए-थ्री बसतो असं वाटतं, पण मशीन कडेचे काही मिलिमीटर छापत नाही. तुमचा रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जादा रंग, म्हणजे ब्लीड, लागतो. फाइल होते ३०३ × ४२६, आणि ती बारा-अठरावर पांढरी कड सोडल्याशिवाय मावत नाही. तेरा-एकोणीस मागा. तो नसेल तर पोस्टर २८० × ३९६ वर आणा. प्रमाण तेच राहतं आणि कापायला जागा मिळते.

फाइल पीडीएफ, अक्षरं आउटलाइन केलेली. काउंटरवर बहुधा ‘कर्व्ह केलंय का?’ असंच विचारतील. अर्थ तोच, अक्षरांचे आकार करून टाकले का. न केल्यास त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल आणि ‘एकादशी’ भलत्याच वळणात छापली जाईल. आउटलाइन करण्याआधीची प्रत वेगळी जपा, नंतर मात्रा सुधारता येत नाही. चित्र पिक्सेलचं असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्रीसाठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत यात कुठेच बसत नाही. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी छापताना मंदावतो. शाईचा तो पल्लाच नाही, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या आकाशी, किरमिजी, पिवळा, काळा या चार रंगांत, बदलून रंग आधी बघून घ्या. मोठा सपाट काळा नुसत्या काळ्या टोनरने छापला तर करडा आणि पट्टेदार येऊ शकतो. त्या चार रंगांचं त्याच क्रमाने ६०-४०-४०-१०० टक्के असं मिश्रण द्या. मात्र बारीक अक्षरं नुसत्या १०० टक्के काळ्यात ठेवा, नाहीतर चार रंगांचे थर किंचित हलले तरी अक्षरांना रंगीत कड येते.

कागद १७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर पुरेसा. ३०० जीएसएमच्या कार्डाची गुंडाळी केली तर गडद टोनरला भेगा पडतात. सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये न्या, पावसात वरून प्लास्टिक, आणि शक्यतो दुपारच्या गाडीने. आधी एकच प्रत काढा, दारापाशी उजेडात बघा, मग बाकीच्या.

दोरीवरची बैठक

कपड्यांची दोरी आणि चिमटे पुरतात. भिंतीला टाचण्या मारून घरमालकाचा रोष घेऊ नका. पोस्टरांवर करणाऱ्याची नावं नकोत, मागे क्रमांक. सगळ्यांनी तीन मीटर लांब उभं राहून दोन मिनिटं गप्प बघायचं, मग जवळ यायचं.

प्रत्येक पोस्टरबद्दल तीन प्रश्न: आधी नजर कुठे गेली? काय उमगलं? यातलं काय काढून टाकलं तरी चालेल? पाच मिनिटं करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम कठोरपणे पाळा. पोस्टर समजावून सांगावं लागत असेल तर ते करणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं, कुणी बोलून दाखवायची गरज पडत नाही. सिनेमा न पाहिलेला एखादा शेजारी किंवा घरातली आजी असेल तर त्यांना आधी विचारा. त्यांना गोष्ट ओळखता येणार नाही, पण ‘सायकलला बांगड्या का लावल्यात?’ असा प्रश्न पडला तर पोस्टर लागू पडलंय. ‘छान आहे’ म्हणाले, तर नाही.

‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ हे दोन्ही शब्द बैठकीपुरते बाद करा. मतदान चिठ्ठीवर, स्वतःला मत नाही. जिंकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा आणि पुढची चिठ्ठी काढायची. बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की लोक चमकदार काम करू लागतात आणि धोका पत्करत नाहीत.

पोस्टरं ऑनलाइन टाकायची असतील तर १०८० × १३५० पिक्सेलच्या चौकटीत पूर्ण उंचीला बसवा. रुंदी साधारण ९५५ होते आणि दोन्ही बाजूंना ६२-६३ पिक्सेलची पट्टी उरते, तिला जमिनीचाच रंग द्या. सोबत ‘चाहत्याने केलेली रचना’ असं स्पष्ट लिहा. निर्मितीसंस्थेचं बोधचिन्ह किंवा सेन्सॉरचं प्रमाणपत्र पोस्टरवर घालू नका आणि प्रती विकू नका. सिनेमाच्या नावाचे आणि आशयाचे हक्क तुमचे नाहीत.

दोन-तीन फेऱ्या झाल्या की नियम आवळा. एका फेरीला दोनच रंग. एका फेरीला फक्त अक्षरं, चित्र नाहीच. एका फेरीला एकच कागद आणि एकच सलग काप, तुकडा सुटा करायचा नाही. आणि ज्या सिनेमाला सगळ्यांच्या कागदावर एकच वस्तू आली, तो सिनेमा ती वस्तू वर्ज्य करून पुन्हा घ्या.